दोन्ही ‘मेड इन इंडिया’च

कराडला मामांच्या गच्चीवर सोलर बसवायचं गेल्या वर्षी ठरलं. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. नवी वस्तू घरात आली की आधी ती उलटी करून तळाचं स्टिकर वाचणार, मग ती चालते का ते बघणार. डीलरकडचा पोरगा कोटेशन घेऊन आला तेव्हा मी तिथेच होतो. कागदावर दोन रकाने होते, एकावर ‘डीसीआर’ आणि दुसऱ्यावर ‘नॉन-डीसीआर’. पहिल्यातली पॅनेल महाग, पण त्यांना पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. दुसरी स्वस्त, अनुदान शून्य.

“ह्यात फरक काय?” मामांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

“डीसीआर म्हणजे भारतीय बनावटीची, काका. सबसिडीला तीच लागतात.”

“मग ही दुसरी चायनाची व्हय?”

“नाही हो. तीपण मेड इन इंडियाच. दोन्ही मेड इन इंडियाच आहेत.”

मामांनी पोराच्या मोबाइलवर दोन्ही पॅनेलच्या पाठीमागच्या स्टिकरचे फोटो मोठे करून बघितले. पोरगा खरं बोलत होता. दोन्हीकडे तेच तीन शब्द.

“दोन्ही इथलीच, तर सरकार एकालाच पैसे का देतंय रे?”

पोराला धंद्याची माहिती होती आणि त्याने काही लपवलं नाही. दुसऱ्या पॅनेलमधले सेल बाहेरून येतात. इथल्या कारखान्यात ते एकमेकांना जोडायचे, वर काच बसवायची, ॲल्युमिनियमची चौकट लावायची, मागे जंक्शन बॉक्स चिकटवायचा. पॅनेल इथे तयार होतं, पण त्यातला जो भाग उन्हाची वीज करतो तो जहाजातून येतो. मामा बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, “मंजी एक मेड इन इंडिया सरकारसाठी आणि एक आपल्यासाठी.”

मामांनी जे एका वाक्यात सांगितलं तेच मला जरा विस्ताराने मांडायचं आहे. आपलं सरकार स्वतःचा पैसा बाहेर काढताना ‘भारतीय बनावट’ ह्या शब्दांचा अर्थ अगदी काटेकोरपणे ठरवतं. तेच शब्द दुकानात आपल्याला विकले जातात तेव्हा त्यांना कसलंच माप नसतं. सरकारने स्वतःसाठी जो तराजू ठेवलाय तोच आपल्याही हातात द्यावा.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वैध मापन नियमांत २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून ती लागू झाली. आयात केलेल्या मालाच्या पाकिटावर ‘मूळ देश किंवा उत्पादनाचा देश किंवा जुळणीचा देश’ लिहायचा, असं तिच्यात म्हटलंय. दोन वेळा ‘किंवा’. ज्याने कधी सरकारी फॉर्म भरलाय त्याला ‘किंवा’ची किंमत माहीत असते. एका देशात भाग बनले, दुसऱ्यात वस्तू घडली, तिसऱ्यात चार स्क्रू मारून ती खोक्यात गेली, तर आयातदाराने तिघांपैकी जो नाव सांगायला बरा दिसेल तो देश लिहायला ही भाषा मोकळीक देते. चीनच्या नावाला गिऱ्हाईक नाक मुरडत असेल, तर जुळणीचा देश आहेच हाताशी.

तरी आयात मालावर कुठल्यातरी देशाचं नाव येतं. इथे तयार झालेल्या मालाचं काय? त्याच्यावर उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो, एमआरपी लागते, महिना-वर्ष लागतं. त्यात घातलेले भाग कुठले, हे सांगायची सक्ती नाही. त्यामुळे त्या खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ छापलं असेल तर ती कुणी तपासून दिलेली माहिती नसते, कंपनीने स्वतःहून केलेली जाहिरात असते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने एक मसुदा काढला. ऑनलाइन बाजारात आयात माल देशवार शोधता यावा, अशी सोय त्यात सुचवली होती. सोय चांगलीच आहे. पण तीही आयात मालापुरती. सुट्या भागांची पेटी बंदरात उतरवून इथे जुळणी केली की माल त्या चाळणीतून अलगद निसटतो. धंद्यात ह्याला ‘एसकेडी’ म्हणतात, आणि कारखान्यातले लोक आपसात हसून ‘स्क्रूड्रायव्हर टेक्नॉलॉजी’ म्हणतात.

शिक्षेची कलमं कमी आहेत असं नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात मालाचं खोटं वर्णन हा गुन्हा आहे, आणि वस्तू कुठल्या देशात बनली हाही त्या वर्णनाचाच भाग धरलाय. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याचं १३९ वं कलम केंद्र सरकारला अधिकार देतं की अमुक मालावर तो कुठे बनला ते लिहिलंच पाहिजे, असा आदेश काढावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड ठेवलाय. एवढी हत्यारं असूनही ती गंजत पडलीत, कारण मूळ व्याख्याच नाही. ‘भारतात बनलेलं’ म्हणजे किती बनलेलं, हे कुठेच ठरलेलं नसेल तर खोटं कुणाला ठरवणार? डीलरच्या त्या पोराला कुठल्याही कोर्टात उभं करा, तो सुटेल. आणि सुटायलाच हवा.

आता सरकार स्वतः काय करतं ते बघा. सरकारी खरेदीसाठी २०१७ मध्ये ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा आदेश निघाला आणि २०२० मध्ये तो कडक झाला. मालात स्थानिक घटक ५० टक्के किंवा अधिक असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गाचा. २० ते ५० टक्क्यांमध्ये असेल तर दुसऱ्या वर्गाचा. त्याखाली गेला तर स्थानिक म्हणवून घ्यायचंच नाही. १० कोटींच्या वरच्या खरेदीला नुसतं स्वतःचं प्रमाणपत्र चालत नाही, ऑडिटरचं लागतं. खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाहेर. सरकारी खरेदीच्या ‘जेम’ ह्या ऑनलाइन पोर्टलवर माल टाकणाऱ्याला २०२० पासून मूळ देश सांगावा लागतो आणि स्थानिक घटक किती तेही. थोडक्यात, एखाद्या तहसील कचेरीला पंखा घ्यायचा असेल तर तो किती टक्के भारतीय आहे हे साहेबांना कळू शकतं. तोच पंखा त्याच कचेरीतल्या शिपायाने घरासाठी दुकानातून घेतला, तर त्याच्या वाट्याला फक्त खोक्यावरची तिरंगी पट्टी येते.

कस्टम्स खातं तर ह्याहून चिवट आहे. आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी असलेल्या व्यापार करारात कमी शुल्क हवं असेल तर बहुतेक मालात किमान ३५ टक्के मूल्य त्या देशांत पडलेलं असावं लागतं, आणि शिवाय माल इतका बदललेला असावा लागतो की त्याचं शुल्क-वर्गीकरणही बदललं पाहिजे. एका देशाचा माल दुसऱ्याच्या कागदांवर आत येतो असा संशय वाढला, तेव्हा २१ सप्टेंबर २०२० पासून नवे नियम आले. नुसतं परदेशी प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. हा माल तिथलाच कसा, ही माहिती आयातदाराने स्वतः मिळवायची आणि पाच वर्षं जपून ठेवायची. ही सगळी खटपट तिजोरीचं शुल्क बुडू नये म्हणून. त्यात गैर काहीच नाही. पण शुल्क बुडतं तेव्हा जागं होणारं सरकार गिऱ्हाईक बुडतं तेव्हा का झोपतं, एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आणि सोलर. मामांच्या कोटेशनमधल्या ‘डीसीआर’मागची व्याख्या मी मुद्दाम शोधून वाचली. सरकारी भाषेत इतकी नेटकी व्याख्या क्वचित सापडते. सेलची सुरुवात सिलिकॉनच्या पातळ चकतीपासून होते. कच्च्या चकतीला धंद्यात ‘ब्लॅक वेफर’ म्हणतात आणि ‘डिफ्यूजन’ ह्या प्रक्रियेतून गेलेलीला ‘ब्लू वेफर’. नियम असा, की ब्लॅक वेफर बाहेरून आणली तर चालेल, पण तिथून पुढची प्रत्येक पायरी भारतात झाली पाहिजे. ब्लू वेफर आयात केली की सेल डीसीआरमधून बाद. इथे टक्क्यांची भानगडच नाही. कारखान्यात जायचं आणि ती भट्टी, ते यंत्र आहे की नाही ते बघायचं. शिवाय पॅनेलच्या सिरियल नंबरावरून ते खरंच डीसीआर आहे का, हे ताडून बघण्याची सोयही सरकारने केलीय. म्हणजे ‘हे फार गुंतागुंतीचं आहे, ठरवता येत नाही’ हे कारण चालणार नाही. अनुदान द्यायची वेळ आली तेव्हा ठरवता आलंच की.

आता थोडं मागे जातो. आमच्या लहानपणी खोटेपणाची दिशा उलटी होती. ‘इम्पोर्टेड’ ह्या शब्दाला वजन होतं. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असायचं आणि विचारलं तर सांगायचे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा किस्सा खरा किती आणि रचलेला किती, देव जाणे. जपानमध्ये उसा नावाचं गाव आहे आणि तिथे बनलेल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ छापायचे, अशी अगदी ह्याच साच्यातली दंतकथा अमेरिकेतही चालते, आणि ती खोटी आहे हे सिद्ध झालंय. पण किस्सा पन्नास वर्षं टिकतो तो उगाच नाही. ज्या देशाच्या नावाला भाव, त्या देशाचं नाव मालावर चढतं. तेव्हा भाव अमेरिकेला होता म्हणून इथला माल परदेशी झाला. आज भाव स्वदेशीला आहे, म्हणून परदेशी माल इथला होतोय. उल्हासनगरवर हसणाऱ्यांनी आपल्या देव्हाऱ्यावरच्या दिव्यांच्या माळेचं खोकं एकदा बघावं. वर भगवा-पांढरा-हिरवा पट्टा, कोपऱ्यात सिंह किंवा हत्ती, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘मार्केटेड बाय’. बनवलं कुणी, हा प्रश्न ‘मार्केटेड बाय’ने मोठ्या सफाईने टाळलाय. राष्ट्रध्वजाचा धंद्यासाठी वापर १९५० च्या कायद्याने बंद आहे. पण नुसत्या तीन रंगांच्या पट्ट्याला कोण अडवणार?

लोकांना कळत नाही असंही नाही. त्यांना जाणून घ्यायचंय म्हणूनच तर ते भलत्या ठिकाणी उत्तर शोधतात. दिवाळीच्या आधी व्हॉट्सॲपवर हमखास फिरणारा निरोप आठवा. बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर माल भारतीय, ६९० ते ६९९ असेल तर चिनी, पुढे पाठवा, देशसेवा करा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो दरवर्षी येतो आणि मी दरवर्षी तेच उत्तर देतो. ते आकडे फक्त एवढंच सांगतात की बारकोडचा नंबर कुठल्या देशातल्या संस्थेने दिला. इथे नोंदणी केलेल्या कंपनीने सगळा माल बाहेरून आणून आपल्या नावाने विकला तरी बारकोड ८९० चाच. पण ह्या निरोपाला नुसतं हसून उपयोग नाही. लाखो माणसं चष्मा लावून बारकोडचे आकडे वाचतात, कारण पाकिटावर दुसरं काहीच भरवशाचं नसतं.

मूळ देश लिहायला लावण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांना जगभर नाव होतं. जर्मनीतल्या झोलिंगेन गावचे कारागीर स्वस्त पात्यांवर शेफील्डचा छाप मारून ती विकत. बोंब झाली आणि १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट केला. परदेशी मालाने इंग्रजी असल्याचा आव आणायचा नाही, कुठला आहे ते लिहायचं. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरं ह्या कायद्यामुळे बाजारात आली. हेतू असा, की गिऱ्हाइकाने ती वाचावीत आणि माल खाली ठेवावा. झालं उलटंच. जर्मनांनी माल सुधारला, आणि दहा-पंधरा वर्षांत तीच अक्षरं चांगल्या मालाची खूण म्हणून लोक शोधू लागले. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, असाच कायदा हिंदुस्थानातही आला. म्हणजे मालावरचा खोटा देश हा गुन्हा असल्याचं आपल्या कायद्याला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे.

ह्या गोष्टीतून लोक सहसा ‘बघा, दर्जा महत्त्वाचा’ असा धडा काढतात. मला वेगळंच दिसतं. तो कायदा लबाडीच्या हेतूने आला तरी त्याने खरी माहिती बाहेर काढली, आणि खरी माहिती मिळाल्यावर गिऱ्हाइकाने स्वतःच्या अकलेने निर्णय घेतला. शेफील्डला तो आवडला नसेल. म्हणून मूळ देशाच्या चिठ्ठीकडे मी स्वदेशीचं शस्त्र म्हणून बघत नाही. मामांना उद्या चिनी सेलचं पॅनेल स्वस्त आणि बरं वाटलं तर त्यांनी ते खुशाल घ्यावं. घेताना त्यांना ते काय आहे ते माहीत असावं.

स्वदेशीचा विषय निघालाच आहे तर तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना आठवतो. अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि १९०८ मध्ये कारखाना उभा राहिला. काच बनवण्याची विद्या शिकवली ती परदेशात जाऊन शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांनी. विद्या बाहेरची, भट्टी इथली, हात इथले, आणि पैसा देणाऱ्याला ती भट्टी तळेगावात जाऊन डोळ्यांनी बघता येत होती. त्या काचेला कुणी परदेशी म्हटलं नाही.

पंतप्रधानांनी २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत हंसलपूरला मोटारींच्या कारखान्यात स्वदेशीची जी व्याख्या सांगितली ती साधारण ह्याच अंगाने जाते. पैसा कुणाचाही असो, उत्पादनातला घाम माझ्या देशवासीयांचा हवा, असा तिचा आशय होता. व्याख्या मला पटते. भांडवलाचं पासपोर्ट बघण्यापेक्षा काम कुठे झालं ते बघणं केव्हाही शहाणपणाचं. त्याच महिन्यात व्यापाऱ्यांनी दुकानांवर स्वदेशीचे फलक लावावेत, असंही आवाहन झालं. फलक लागलेही. पण घाम किती? खोक्याला चिकटपट्टी लावतानाही घाम येतोच. ते ठरवल्याशिवाय दुकानावर फलक लावायला सांगणं म्हणजे दुकानदाराला नकळत खोटं बोलायला लावणं आहे. त्याला तरी कुठे माहीत असतं, मिक्सरमधली मोटर कुठली ते!

बाकीच्या देशांनी ‘किती’चं उत्तर आपापल्या परीने दिलंय. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी संस्थेचा दंडक आहे, की कुठल्याही पुरवणीशिवाय ‘मेड इन यूएसए’ म्हणायचं तर माल सगळा किंवा जवळजवळ सगळा तिथलाच हवा. २०२१ पासून त्याला नियमाचं बळ आणि दंडाची धार आलीय. विल्यम्स-सोनोमा ही घरगुती सामान विकणारी बडी कंपनी. तिने २०२० मध्ये असे दावे थांबवायचं कबूल केलं होतं. तरी गादीवर घालायचं एक आवरण ‘अमेरिकेत घडवलेलं’ म्हणून विकलं गेलं आणि ते निघालं चीनमध्ये बनलेलं. २०२४ मध्ये तिला ३१ लाख ७५ हजार डॉलर भरावे लागले. मला ह्यातली दंडाची रक्कम नाही, तर तो विषय आवडला. गादीवरचं आवरण! इतक्या साध्या वस्तूचा पाठपुरावा एका सरकारी यंत्रणेने केला.

स्वित्झर्लंडने २०१७ पासून दोन्ही अटी एकत्र घातल्या. कारखान्याच्या मालात उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के भाग देशातला हवा, आणि वस्तूला तिचं रूप देणारी एखादी मुख्य प्रक्रियाही देशातच व्हायला हवी. खाद्यपदार्थांना तर ह्याहून कडक नियम. टॉब्लरोन चॉकलेटचं थोडं उत्पादन स्लोव्हाकियात न्यायचं ठरलं, तेव्हा २०२३ मध्ये वेष्टनावरचा मॅटरहॉर्न पर्वत उतरवावा लागला. चॉकलेट तेच, त्रिकोण तेच, डोंगर मात्र गेला. आपल्याकडे सगळा कारखाना बाहेर गेला तरी खोक्यावरच्या सिंहाचं शेपूटही हलणार नाही.

अमेरिकेचा दंडक जशाच्या तसा इथे आणायला माझा विरोध आहे. ‘जवळजवळ सगळं’ म्हटलं तर आपल्याकडे मोबाइलपासून मिक्सरपर्यंत फारच थोडं उरेल, आणि उरलेले सगळे एकतर गप्प बसतील किंवा पळवाट शोधतील. नुसत्या टक्केवारीवरही माझा भरवसा नाही. टक्के हिशेबाच्या वहीत राहतात, आणि वही लिहिणारा कंपनीचाच माणूस. सुट्या भागांची पेटी बहीण-कंपनीकडून स्वस्तात आली असं दाखवलं की स्थानिक वाटा आपोआप फुगतो. आणि रुपया घसरला की आयात भाग महागतो, म्हणजे कालचाच पंखा आज कागदावर थोडा कमी भारतीय. हा काय खेळ झाला?

सोलरवाल्यांची पद्धत मला जास्त पटते. प्रत्येक प्रकारच्या वस्तूत एक-दोन भाग असे असतात की त्यांच्यामुळेच ती वस्तू ती वस्तू असते. टीव्हीत पडद्याचं ओपन सेल पॅनेल, आणि खर्चातला सगळ्यात मोठा वाटाही त्याचाच. एसी आणि फ्रीजमध्ये कंप्रेसर. मिक्सरमध्ये, पंख्यात मोटर. दिव्यांच्या माळेत एलईडी आणि त्याला वीज पुरवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर. त्या त्या धंद्यातल्या लोकांना बसवून ही यादी करायला वर्ष लागणार नाही. मुख्य भाग इथे बनला असेल तर ‘भारतात उत्पादित’ म्हणा. नसेल तर ‘भारतात जुळणी’ म्हणा आणि तो भाग कुठल्या देशातून आला ते त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याच ओळीत लिहा. ‘भारतात जुळणी, ओपन सेल चीन.’ चार-पाच शब्दांचं काम. ज्याला काहीच म्हणायचं नाही त्याने काही म्हणू नये, त्याच्या मागे कुणी लागू नये. पण तिरंगी पट्टा, सिंह, ‘स्वदेशी’, ‘देसी’, ‘प्राऊडली इंडियन’ ह्यातलं काहीही छापलं तर तो दावा झाला. मग आयातदाराला जशी पाच वर्षं फाइल ठेवावी लागते तशी ह्यानेही ठेवायची.

आणि आयात मालाच्या नियमातले ते दोन ‘किंवा’ काढून टाकायचे. ह्याला तर समितीही नको.

माझा एक मित्र कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत पंप बनवतो. त्याला हे सगळं सांगितलं तर तो वैतागला. “माप आलं की वजनमापे खात्याचा माणूस आला. त्याला कंप्रेसर कळणार नाही, ओपन सेल कळणार नाही. माझी फाइल कळेल, आणि फाइलीत एक कागद कमी आहे हे बरोबर कळेल.” ही भीती मी उडवून लावणार नाही, किराणा दुकानात काटा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या कथा मीही ऐकल्यात. पण त्याच्याच शॉपवर उभं राहून मी त्याला विचारलं, की तुझ्या पंपात बेअरिंग बाहेरची, हे खरं. पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कुठे ओतलं? “इथंच, पलीकडच्या फौंड्रीत.” वाइंडिंग? “ते काय समोर बाया करतायत.” मग तुझा पंप इथला नाही असं कोण म्हणणार? प्रक्रियेचं माप लावलं तर तो शंभर वेळा पास होतो. आज त्याच्या शेजारच्या दुकानात बाहेरून तयार आलेल्या पंपाला इथली नेमप्लेट मारून ‘मेड इन इंडिया’ म्हणून विकतात, त्याच्यापेक्षा हजार रुपयांनी कमी. माप नसल्याचा फटका कुणाला बसतोय, हे त्याने बोलता बोलता स्वतःच सांगितलं. लहान उद्योगाला वर्षातून एकदा स्वतःचं प्रमाणपत्र पुरे, तपासणी तक्रार आली तरच, आणि पहिल्या चुकीला दंडाऐवजी दुरुस्तीची मुदत, एवढं केलं तर तोही तयार आहे. नाखुशीने का होईना.

आणखी एक आक्षेप मोठ्या लोकांकडून येतो. आता वस्तू साऱ्या जगात मिळून बनते, तिला एक देश चिकटवणं जुनाट आहे. जागतिक व्यापार संघटना १९९५ पासून सर्वांसाठी एकच नियम करायला बसलीय आणि अजून उठलेली नाही, हे खरं. पण तिथे प्रत्येक देशाचं शुल्क आणि कोटा पणाला लागलेला असतो. आपल्या दुकानातल्या खोक्यावर आपल्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ह्याला कुणाची परवानगी कशाला? मूळ देशाच्या खुणांची मुभा गॅट ह्या जागतिक व्यापार कराराच्या नवव्या कलमातच आहे. इथलेच सेल वापरा, अशी सक्ती भारताने सौर मोहिमेत केली तेव्हा अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०१६ मध्ये भारत ती लढाई हरला. पण ती सक्ती होती. इथे कुणालाही काही वापरायला किंवा टाकायला सांगितलेलं नाही. आणि वस्तू पाच देशांत मिळून बनत असेल, तर बाकीची नावं टाळून एकच नाव मोठ्या अक्षरांत छापणाऱ्याला हा आक्षेप घेण्याचा हक्क नाही.

मामांनी शेवटी डीसीआर पॅनेलच घेतली. अनुदान हे मुख्य कारण, ते कबूल करायला त्यांना लाज वाटत नाही. पॅनेल चढवायला पोरं आली त्या दिवशी त्यांनी एकेक सिरियल नंबर वहीत उतरवून घेतला, एसटीत स्पेअर पार्ट उतरवून घ्यायचे तसा. संध्याकाळी जिन्याखाली इन्व्हर्टर बसवायचं काम चाललं होतं. रिकामं खोकं बाजूला पडलेलं. समोरच्या बाजूला तिरंग्याच्या रंगांची लाट आणि ‘प्राऊडली इंडियन’. मामांनी सवयीने खोकं उलटं केलं. तळाशी कंपनीचं नाव, पुण्याचा पत्ता, ‘मार्केटेड बाय’.

“हा कुठला रे?” त्यांनी शिडीवरच्या पोराला विचारलं.

पोराने तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला.

“कंपनी आपलीच आहे, काका.”